एक मिसकॉल हो, दोन मिसकॉल नाही

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड कसे साठतात, हे कुणालाच सांगता येत नाही. कुणी विकत आणत नाही, कुणी जपून ठेवत नाही, पण ड्रॉवर ओढला की मूठभर निघतात. आमच्याकडचे किस्से असेच साठले. परवा मैत्रिणी चहाला आल्या होत्या. एकीनं विचारलं, "ज्योती, तुमच्या त्या कंपनीत तुम्ही नेमकं करता तरी काय गं?" झालं, मी ड्रॉवर ओढला. चहा गार झाला, दुसरा टाकला, तोही गार झाला. आता ओढलाच आहे, तर तुम्हीही ऐका.

आमचं ऑफिस जळगावात, एका सायकलच्या दुकानाच्या वर. लोकांच्या धंद्याची सोशल मीडियावरची पेजेस सांभाळणं हे आमचं काम. फोटो, मजकूर, सणांच्या शुभेच्छा, सगळं आम्ही करायचं. कंपनी पुण्याची, आम्ही तिची शाखा. शाखा म्हणजे तीन माणसं, एक कूलर आणि एक माठ.

पहिली मी, शाखाप्रमुख. दुसरा हर्षल, आमचा डिझायनर. नरडाण्याहून रोज रेल्वेनं अप-डाऊन करतो. गाडी रखडली की डब्यातूनच डिझाइन पाठवतो आणि खाली लिहितो, "सिग्नल मिळेपर्यंत बदल सांगा."

आणि तिसऱ्या रेखाअक्का. दीपनगरच्या कॉलनीत वाढल्या, पुढे बावीस वर्षं जळगावच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका तपासल्या. छापखाना बंद पडला आणि अक्का आमच्याकडे आल्या. कुठलीही पोस्ट त्या पत्रिकेसारखी वाचतात. एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत. "एकदा नवरदेवाचं नाव चुकलं ना ज्योती, की सगळ्या गावाच्या घरात ती चूक जाते. मग वाटत फिरा माफीच्या पत्रिका!"

पुण्याला बसतात ते कौस्तुभ सर. माणूस हुशार, कामाला वाघ, फक्त त्यांना एक प्रश्न पहिल्या दिवसापासून छळायचा. "वाचून एक टिक करायला एक अख्खा माणूस कशाला लागतो?" हा माणूस म्हणजे अक्का. अक्कांना काढायचं हे त्यांच्या डोक्यात होतं आणि काढू द्यायचं नाही हे माझ्या डोक्यात होतं. बाकीचं सगळं मधल्या काळात घडलं.

०

आमचा सगळ्यात मोठा क्लायंट म्हणजे भडगावचे नाना. गिरणाकाठी त्यांची केळीच्या रोपांची मोठी नर्सरी आहे. जिल्हाभरचे केळीवाले त्यांच्या पेजवर असतात, रोपांची चौकशी तिथेच करतात.

नाना टाइप करत नाहीत. हात कायम मातीत, आणि "बोटंस्ना ठसा उमटस काचवर, अक्षर नही उमटस" हे त्यांचं अहिराणीतलं म्हणणं. मग पोस्टला मंजुरी कशी द्यायची? त्यावर त्यांनीच तोडगा काढला. आम्ही मसुदा त्यांच्या नातसुनेच्या फोनवर पाठवायचा, ती तो वाचून दाखवणार, आणि नाना त्यांच्या जुन्या बटणाच्या फोनवरून ऑफिसला मिसकॉल देणार. एक मिसकॉल म्हणजे हो. दोन म्हणजे नाही.

"आणि नाना, आम्ही चुकून फोन उचलला तर?"

"मंग भांडन!"

आम्ही कधी उचलला नाही.

०

पुण्यानं आम्हाला कामाचं सॉफ्टवेअर दिलं. स्क्रीनवर बोर्ड, बोर्डावर रकाने, रकान्यांत कार्डं. एका पोस्टचं एक कार्ड. 'करायचंय', 'अक्कांकडे', 'नानांकडे' आणि 'झालं' असे आमचे चार रकाने. काम पुढे सरकलं की कार्ड ओढून पुढच्या रकान्यात टाकायचं.

मग एक दिवस कौस्तुभ सरांनी व्हिडिओ मीटिंग घेतली. आता म्हणे हा बोर्ड थेट पेजला जोडायचा. कार्ड 'झालं'मध्ये पडलं की पोस्ट आपोआप पेजवर. खाली नर्सरीची ठरलेली ओळसुद्धा आपोआप लागणार: 'रोपं मर्यादित! आजच बुकिंग करा!' आणि हे सगळं नो-कोड. प्रोग्रॅम लिहायचा नाही, नुसतं "हे झालं की ते कर" असं खिडकीत निवडायचं.

अक्का शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आता 'झालं' म्हटलं की खरंच होणार? आजवर लोक नुसतंच म्हणायचे."

मला हे जोडकाम आवडलं, खोटं कशाला बोलू? हर्षलनं दुपारपर्यंत सगळं जोडलं आणि आम्ही तिघांनी सायकलवाल्याला खाली जाऊन पेढा दिला. पुण्याला वाटतं जळगावात अजून फॅक्सच चालतो. म्हटलं, बघा आता!

तिसऱ्या दिवशी बघितलं सगळ्यांनी. कौस्तुभ सरांचं एक ब्रीद होतं, "कार्ड नाही तर काम नाही." हर्षल ते मनावर घेतो. त्या आठवड्यात माठ घासायची पाळी त्याची होती. त्यानं माठ घासला, इमानदारीत कार्ड बनवलं आणि समोर जो बोर्ड उघडा होता त्यावरच 'झालं'मध्ये टाकलं.

नानांच्या पेजवर पोस्ट आली: "माठ घासला. तळाशी शेवाळ होतं. आता बिनधास्त पाणी प्या. रोपं मर्यादित! आजच बुकिंग करा!"

आम्हाला कळेपर्यंत दोन तास गेले होते. खाली कमेंट्सची रांग. एका केळीवाल्यानं लिहिलं होतं, "आमचाही घासायला काढला." दुसऱ्यानं माठाचा फोटो टाकला होता. तिसऱ्यानं बुकिंग केलं होतं!

मी पुण्याच्या फोनची वाट बघत बसले. फोन आला नाही, शुक्रवारी साप्ताहिक अहवाल आला. त्यात कौस्तुभ सरांनी लिहिलं होतं, "भडगाव नर्सरी: माठाच्या पोस्टला या महिन्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. जळगाव टीमनं असा घरगुती आशय वाढवावा."

०

माठासाठी आम्ही वेगळा बोर्ड केला. तरी जोडणीत एक फट राहिलीच होती.

नानांचा नर्सरीत उभा राहून काढलेला फोटो अक्कांकडे तपासायला गेला. अक्कांनी कार्डाखाली हर्षलसाठी शेरा लिहिला. हर्षलच्या हातून कार्ड चुकून थेट 'झालं'मध्ये सरकलं, आणि जोडणीनं मजकूर उचलायच्या ऐवजी शेवटचा शेरा उचलला. नानांच्या पेजवर नानांचा हसरा फोटो, आणि वर ठळक अक्षरांत: "फोटो बदला. नाना झोपलेले दिसतात. मागची म्हैस जास्त जागी आहे. रोपं मर्यादित! आजच बुकिंग करा!"

त्या दिवशी नानांनी मिसकॉल दिला नाही. रिंग वाजतच राहिली, शेवटी मी उचलला.

"मी काय झोपेल शे का? आं? बठ्ठा गाव हासी ऱ्हायना!"

"नाना, चूक झाली, आत्ता काढतो..."

"थांब. हाई लिखनं कोन्ही?"

मी सावरून घेणार होते. मशीननं घोळ केला, वगैरे. तेवढ्यात अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी लिहिलं, नाना. फोटोत डोळे मिटलेत तुमचे. आजही बघा, मिटलेलेच दिसतील."

पलीकडे नातसूनबाईंनी फोटो पुन्हा दाखवला असावा.

"म्हैस ते खरंच जागी शे," नाना म्हणाले. आणि लगेच, "आजपाइन मना पेजनी चावी फक्त अक्काकडे. जी तोंडवर खरं सांगस, तीच चावी ठेवी!"

तेव्हापासून नानांच्या पेजवरून काही काढायचं, बदलायचं, तर ते फक्त अक्काच करू शकतात. मी नाही, हर्षल नाही, पुणं तर नाहीच नाही. आणि हर्षलनं जोडणीत एक अट घातली: अक्कांची हिरवी टिक असल्याशिवाय 'झालं'मधलं कार्ड पेजवर जाणार नाही.

कौस्तुभ सरांचं उत्तर एका ओळीचं होतं. "ऑटोमेशनमध्ये माणूस घालणं म्हणजे लिफ्टमध्ये जिना बांधणं."

अक्का म्हणाल्या, "जळगावात वीज जाते, म्हणावं."

०

मे महिन्यात पुण्याहून तयार मजकुराची यादी जोडली गेली. तारीख आली की कार्ड आपोआप अक्कांच्या रकान्यात पडायचं. एका दुपारी पडलं: "उन्हाळा आला! चला, दुपारी मस्त भटकंतीला बाहेर पडूया! तुमचं आवडतं ठिकाण कमेंटमध्ये सांगा!"

जळगावचा मे महिना! दुपारी बारानंतर आमच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सायकलच्या दुकानात येऊन बसतं. डांबर चपलेला चिकटतं. शेतकरी केळीच्या घडांना उन्हानं चटका बसू नये म्हणून पानांनी झाकत फिरत असतो. त्याला हे सांगणार, भटकंतीला चल!

अक्कांनी टिक केली नाही. पुण्याहून लाल खूण आली, पोस्ट रखडली आहे. मग सरांचा फोन.

"अक्का, हा मजकूर अख्ख्या महाराष्ट्रासाठी आहे."

"मग अख्ख्या महाराष्ट्राच्या पेजवर टाका ना. हे भडगावचं आहे."

०

अक्कांचा रकाना अडवतो म्हणून सर चिडले होतेच. त्यांना वाटलं, आधी निदान मिसकॉलचं तरी काम यंत्राकडे द्यावं. "फोन वाजला की एक माणूस रिंगा मोजत बसतो, हे कुठल्या जमान्यात चाललंय?" त्यात तथ्य होतं, मी नाही म्हणाले नाही. हर्षलनं ऑफिसचा फोन बोर्डाला जोडला. नानांचा एक मिसकॉल आला की त्यांच्याकडचं वरचं कार्ड 'झालं'मध्ये जाणार. लागोपाठ दोन आले की मागे फिरणार.

आठवडाभर झकास चाललं. मग आषाढात नानांनी स्वतः ट्रॅक्टर काढला. बटणाचा फोन बंडीच्या खिशात. ट्रॅक्टर उडाला की बटण दाबलं जायचं, पुन्हा उडाला की कट व्हायचं. मधे पाचसात मिनिटं गेली की यंत्राला वाटायचं, नाना विचार करून एकेक हो म्हणताहेत.

दुपारपर्यंत नानांनी सगळं मंजूर केलं. खतांच्या वेळापत्रकापासून ते अक्कांनी आधीच तपासून टिक करून ठेवलेल्या वर्षभराच्या शुभेच्छांपर्यंत. भर आषाढात नानांच्या पेजवर दिवाळीचे दिवे लागले, त्याखाली संक्रांतीचा तिळगूळ, त्याखाली होळी.

अक्का त्या दिवशी दीपनगरला भावाकडे गेल्या होत्या. फोनवर मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "रिंग किती वाजली?"

"कधी एक, कधी आठ, कधी अर्धीच."

"अगं, नाना बरोबर दुसऱ्या रिंगला कापतात. हा नानांचा मिसकॉल नाहीच. हा ट्रॅक्टरचा आहे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जोडणी काढायला लावली आणि फोन स्वतःच्या टेबलावर घेतला. मी पुण्याला कळवलं, "रिंगा मोजायला माणूस लागत नाही, पण कुणाची रिंग आहे ते ओळखायला लागतो." मला त्या वाक्याचा अजून अभिमान आहे. सरांनी त्यावर अंगठासुद्धा दाखवला नाही.

०

श्रावणातला किस्सा माझ्या सगळ्यात आवडीचा, कारण त्यात आम्ही सरळसरळ बंड केलं.

पुण्याच्या सणांच्या यादीत कानबाई नव्हती, आमच्या खान्देशात श्रावणात घरोघरी बसते ती देवी. आखाजीच्या वेळी मी गप्प बसले होते, तिथे निदान अक्षय्य तृतीया म्हणून सोन्याचा फोटो तरी होता. पण कानबाई नाही म्हणजे हद्द झाली. मी हर्षलला कार्ड बनवायला सांगितलं. संध्याकाळी पुण्याहून कुणीतरी ते पुसलं. मी फोन लावला, स्पीकरवर.

कौस्तुभ सरांनी अगदी मनापासून विचारलं, "ही कानबाई कोण? लोकल इन्फ्लुएन्सर आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "हो, सर. वर्षातून एकदा श्रावणात येते. रविवारी आली की सोमवारी जाते. एक शब्द बोलत नाही, आणि अख्खा खान्देश तिला फॉलो करतो."

"मग तिचा संपर्क घ्या!"

आम्ही फोन ठेवला आणि हसून हसून बेजार झालो. हर्षलनं कार्ड परत बनवलं, पण यादी पुण्याच्याच हातात होती. रात्रीत कार्ड पुन्हा पुसलं गेलं, कारण 'यादीबाहेरचा आशय नको' हा नियम. हर्षलला मी इतका रागावलेला कधी पाहिला नव्हता. त्याच्या घरी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण आलं होतं, तिच्यासाठी घर धुऊन काढताना परटाकडच्यासारखा धुण्याचा ढीग पडला होता, आणि इकडे त्याची कानबाई कुणीतरी बटण दाबून पुसत होतं. त्यानं सरांचीच खिडकी उघडली आणि सरांच्याच पद्धतीनं एक ओळ निवडली: कानबाईचं कार्ड पुसलं गेलं की त्या जागी दोन तयार कर.

पुण्यानं एक पुसलं, दोन आली. दोन पुसली, चार आली. शुक्रवारी सकाळी बोर्डावर बत्तीस कानबाया होत्या! मग पुण्याहून शांतपणे एक निरोप आला, "एक ठेवा, बाकीच्या काढा."

आम्ही एक ठेवली. नानांचा मिसकॉल दुसऱ्या रिंगला कापलेला, एकच.

०

थंडीत नानांनी शेतात भरीत पार्टी ठेवली आणि पुण्याच्या साहेबांनाही बोलावलं. कौस्तुभ सर आले. कपाशीच्या वाळक्या काट्यांवर वांगी भाजली, भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आली. सरांनी हिरव्या मिरचीचा ठेचा चटणी समजून चमचाभर घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, पण पानात काही टाकलं नाही. त्याबद्दल मी त्यांना मानते.

जेवणानंतर बांधावर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. कुठलं कार्ड कुठल्या रकान्यात किती वेळ थांबतं, याचा रंगीत तक्ता. सगळ्यात उंच खांब अक्कांचा.

"नाना, हे बघा. तुमची प्रत्येक पोस्ट इथे अडते. ही पायरी काढली की पोस्ट लगेच जाईल."

"लगेच कसाले?" नानांनी विचारलं. "मना केळीले वरीस लागस. माले काय घाई शे?"

सर हसले, लॅपटॉप मिटला. अक्का शेजारीच बसल्या होत्या, ताटातलं भरीत नीट पुसून खात होत्या. सगळं ऐकू आलं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी माझ्यासमोरच जोडणीतली टिकची अट काढून टाकली. मग मला बाहेर जिन्यात बोलावलं. "ज्योती, अक्कांच्या कराराचा विचार करावा लागेल. आता त्यांच्या पायरीची गरजच उरली नाही."

खरं सांगते, मला रडू येत होतं, आणि राग रडण्याहून मोठा होता. म्हटलं, "अक्कांचं कार्ड बनवाल तेव्हा शेजारी माझंही बनवा. एकाच रकान्यात."

"इतकं भावनिक होऊ नकोस."

"भावनिक नाही, सर. ही सुद्धा अटच आहे. हे झालं की ते."

ते पुण्याची गाडी पकडायला निघून गेले. मी आत आले तर अक्का संगणकासमोर बोट ठेवून एक पोस्ट वाचत होत्या, टिक करायची सोय नसतानाही. मान वर न करता म्हणाल्या, "छापखाना बंद झाला ना, तेव्हा मालकानं मला समोर बसवलं, चहा दिला आणि तोंडानं सांगितलं. तेवढं केलं तरी पुरे असतं गं."

पुढचा महिनाभर मी रोज मेल उघडताना घाबरायचे. मेल काही आला नाही. सर फोनवर नेहमीपेक्षा गोड बोलायचे, अक्कांची तब्येत विचारायचे. मला वाटायला लागलं, वादळ टळलं.

०

आणि मग तो मंगळवार.

जेवणाची वेळ झाली होती. अक्का डबा काढत होत्या. तेवढ्यात हर्षल ओरडला, "ताई! नानांचं पेज बघा!"

नानांच्या पेजवर नवी पोस्ट होती. हिरव्यागार केळीच्या चौकटीत, ठळक अक्षरांत:

"रेखा यांना पुढच्या महिन्यापासून कमी करणे. ज्योतीला शेवटच्या दिवशीच सांगणे, नाहीतर वाद घालेल. रोपं मर्यादित! आजच बुकिंग करा!"

मी ती तीनदा वाचली. अक्कांनी एकदाच वाचली, बोट ठेवून.

हर्षलनं पाच मिनिटांत मूळ शोधलं. कौस्तुभ सरांना स्वतःच्या खासगी कामांसाठी एक बोर्ड हवा होता. कार्ड नाही तर काम नाही! नवीन कशाला बनवायचा, म्हणून त्यांनी कंपनीतला सगळ्यात नीटनेटका बोर्ड उचलून त्याची नक्कल केली. तो नेमका नानांचा. बोर्डाबरोबर रकाने आले, रंग आले, आणि त्याला जोडलेले सगळे नियमही आले. सकाळी त्यांनी अक्कांबद्दलचा मेल वर पाठवला, काम संपलं म्हणून कार्ड 'झालं'मध्ये ओढलं. आणि अक्कांची टिक मागणारी अट? ती तर त्यांनीच काढली होती.

खाली कमेंट्स सुरू झाल्या होत्या. एकानं विचारलं, "रेखा ही कोणती नवीन व्हरायटी? घड किती किलोचा पडतो?" दुसरा, "कमी करू नका, आम्हाला दोन एकराला पाहिजे." मग ओळखीचे लोक आले. "या त्याच अक्का ना, ज्यांनी आमच्या घरच्या पत्रिका तपासल्या?" "अक्कांना कोण काढतंय?" "ही ज्योती वाद घालते ते बरोबर करते!" आणि सगळ्यांच्या वर, नातसुनेच्या खात्यावरून, नानांचा निरोप: "अक्काले कोन काढी ऱ्हायना? तिले काढा ते मनी म्हैस कोन दखी?"

फोन वाजला. पुण्याचा. मी स्पीकरवर टाकला.

"ज्योती, ती पोस्ट आधी काढ! नंतर बोलू!"

"मला काढता येत नाही, सर. पेजची चावी अक्कांकडे आहे."

मग आवाज एकदम मऊ. "अक्का... अक्का आहेत का?"

"आहे ना," अक्का म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापर्यंत."

"अक्का, त्याचं आपण बघू नंतर. आत्ता प्लीज ती पोस्ट काढा."

"काढते की. पण पेज नानांचं आहे, सर. त्यांना विचारल्याशिवाय कसं काढू? कार्ड बनवते."

"कार्ड कशाला आता?"

"कार्ड नाही तर काम नाही."

अक्कांनी चष्मा चढवला. एकेक अक्षर दाबत कार्डावर लिहिलं, 'ही पोस्ट काढायची का?' पुन्हा बोट ठेवून वाचलं. मग ते कार्ड ओढून 'नानांकडे'मध्ये टाकलं आणि मसुदा नातसूनबाईंना धाडला. कूलर बंद होता, खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, तेवढाच आवाज. पुण्याच्या बाजूनं सरांचा श्वास ऐकू येत होता.

अक्कांच्या टेबलावरचा फोन वाजला. एक रिंग, दुसरी रिंग, कट.

"आला!" सर ओरडले. "एक आला! म्हणजे हो! काढा, अक्का!"

"थांबा, सर."

"अहो, थांबा काय? एक म्हणजे हो ना?"

अक्कांनी डब्याचं झाकण उघडलं, कळण्याच्या भाकरीचे तीन तुकडे केले, एक हर्षलपुढे ठेवला, एक माझ्यापुढे.

फोन पुन्हा वाजला. दुसऱ्या रिंगला कापला.